थांबलेल्या हाताची रेघ

उपळेकरसाहेबांनी मास्टर पिन जाडी मोजणाऱ्या मायक्रोमीटरच्या तोंडात धरली, रॅचेटची कळ फिरवली, टिक टिक टिक असे तीन आवाज झाले आणि शैलजा मगदूमच्या लॅपटॉपवर एक हिरवी रेघ उमटू लागली. रेघ सरळ यायला हवी होती. ती शिवणीच्या टाक्यांसारखी वरखाली होत आली.

“आला का आकडा?” साहेबांनी विचारलं.

“आला. वीस पॉइंट शून्य शून्य शून्य.”

“बघा! नाहीतर तुमची केबल म्हणायची, ह्या म्हाताऱ्याचा हात हलतोय.” साहेब हसले, आणि साहेब हसले म्हणून मापनखोलीतले चारही जण हसले. शैलजाही हसली. तिची नजर मात्र रेघेवरच होती. एका सेकंदात पाच टाके. तिनं पुन्हा मोजले. पाचच.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना विजेच्या ट्रॅक्टरांसाठी पोलादी पिना बनवत असे. बोटाएवढ्या, आरशासारख्या चकचकीत, आणि जाडीत केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही फरक न चालणाऱ्या. अविनाश उपळेकर इथले गुणवत्ता विभागाचे प्रमुख. मास्टर पिन म्हणजे जिची जाडी पक्की ठाऊक आहे अशी नमुन्याची पिन. ती रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधी साहेब स्वतः मोजत, आणि त्यांच्या त्या एका मोजणीवरून विभागातल्या बावीस मायक्रोमीटरांचा झिरो संगणक आपोआप लावून घेई. हा मान त्यांनी कधी दुसऱ्याला दिला नव्हता. शैलजा कोल्हापुरातल्या एका कॅलिब्रेशन प्रयोगशाळेची प्रमुख होती. मापकं बरोबर मोजतात की नाही हे तपासून दाखला देणं हे तिचं काम. आज ती नव्या केबली बसवायला आली होती.

सतरा वर्षांपूर्वी ती ह्याच खोलीत तपासनीस होती, आणि ह्याच माणसानं तिला इथून घालवलं होतं.

तेव्हाच्या केबली साध्या होत्या. त्याही आधी एकानं आकडा वाचायचा आणि दुसऱ्यानं वहीत लिहायचा अशी पद्धत होती, आणि सहाचे नऊ होत. मग मायक्रोमीटरला यूएसबीची वायर आली. बटण दाबलं की आकडा थेट संगणकाच्या रकान्यात जाऊन बसे. संगणकाच्या लेखी तो मायक्रोमीटर म्हणजे निव्वळ एक कीबोर्ड होता. कुणीतरी टायपिस्ट पलीकडे बसून भराभर आकडे बडवतोय, एवढीच त्याची समजूत. आकडा कुणाच्या हातून आला आणि तो हात कसा होता, हे विचारायचं त्याला कारण नव्हतं.

त्या वर्षी खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडली होती. लेथला आणि ग्राइंडरला झेंडूच्या माळा, आणि एका पाटावर सगळे मायक्रोमीटर ओळीनं. उपळेकर नुकतेच प्रमुख झाले होते. पूजेला तेच बसले आणि नव्या अधिकाराच्या आनंदात त्यांनी हळदकुंकू मुठीनं वाहिलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी शैलजानं आपला मायक्रोमीटर रिकामाच मिटून पाहिला, तर झिरो येईना. कधी मिलिमीटरचे सहा हजारांश, म्हणजे सहा मायक्रॉन, कधी आठ. तिनं त्याच्या तोंडात पांढरा कागद धरून हलकेच ओढला. कागदावर एक लाल ठिपका आला.

“साहेब, कुंकू गेलंय आत. सगळेच धुवावे लागतील. तासभर द्या.”

“बाई, पूजेत खोट काढता?”

“पूजेत नाही हो, मायक्रोमीटरमध्ये—”

“पूजेआधी मी स्वतःच्या हातानं झिरो लावलाय सगळ्यांना. तुमचा हात हलतो म्हणून आकडा हलतो. गाडी उभी आहे फाटकात. चालू करा.”

तो कागद त्यांनी चुरगळून टोपलीत टाकला, तिच्यादेखत.

शैलजानं मोजायला सुरुवात केली. मधल्या कुंकवामुळे मायक्रोमीटर खऱ्यापेक्षा जास्त जाडी दाखवत होता. म्हणून बारीक पिनाही पास होत गेल्या. चार हजार पिना गिऱ्हाइकाकडून परत आल्या. चौकशी झाली तेव्हा संगणकात चार हजार आकडे होते आणि त्यांच्यावर तिचं नाव होतं. कुंकवाचा रकाना नव्हता. तिच्या नोंदीत उपळेकरांनी शेरा मारला : हात स्थिर नाही, मोजमापाच्या कामास अयोग्य.

वसाहतीत असा शेरा आगीसारखा पसरतो. शैलजाला कुणी दारात उभं केलं नाही. तिचा नवरा धनंजय हुपरीचा, चांदीचे पैंजण घडवणारा. दोन वर्षं ती घरी बसून त्याच्या पैंजणांना घुंगरं ओवत होती. ओवताना तिचा हात एकदाही हलला नाही, आणि दर घुंगराला तिला तो शेरा आठवला. पुढे प्रयोगशाळेत मापकं पुसून ठेवायचं काम मिळालं. तिथेच ती रात्रशाळेसारखी शिकत गेली, वर चढत गेली; पण डोक्यात एकच भुंगा होता. त्या दिवशीच्या केबलीनं आकड्याबरोबर हातही लिहून ठेवला असता तर?

ते साधायला तिला आणि प्रयोगशाळेतला संगणकाचा माणूस तौफिक मुल्ला याला नऊ वर्षं लागली. त्यांची केबल बटणासरशी एक आकडा घेत नसे. सेकंदाला दोन हजार आकडे घेई. जिवंत माणसाचा हात कधीच पूर्ण थांबत नाही. धडधाकट हातालाही सेकंदाला दहाएक बारीक लहरी असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आणि सहीसारख्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या. आजवरची सगळी उपकरणं ह्या लहरींना कचरा समजून टाकून देत आली होती. शैलजानं कचरा ठेवायचं ठरवलं. केबलीत एक गाळणी होती. ती घट्ट केली की लहरी गाळल्या जात आणि पडद्यावर सरळ रेघ दिसे. सैल केली की हात दिसे.

शेकडो हातांच्या रेघा जमवताना त्यांना अचानक एक वेगळीच गोष्ट सापडली. तीन माणसं अशी निघाली की मायक्रोमीटर मिटून हात नुसता धरून ठेवला, की सेकंदाला पाच मोठे हेलकावे येत. हात चालू असताना नाही, थांबल्यावर. तौफिकनं त्या रेघा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवल्या. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात आहे. त्या तिघांना स्वतःला तो जाणवला दीड वर्षानं. आता त्यावर नवं औषध निघालं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत मिळालं तर कंप आहे तिथेच थांबे, उशीर झाला तर नुसता मंदावे. म्हणून प्रयोगशाळेनं नियम केला : पाच हेलकाव्यांचा हात सापडला की आठ दिवसांत त्या माणसाला एकांतात सांगायचं. नियमाचा कागद भिंतीवर लावला होता. खाली सही शैलजाची होती.

शिरोलीहून ती परत आली तेव्हा तौफिकनं रेघा उघडूनच ठेवल्या होत्या.

“मॅडम, चौथा सापडला की. हे उपळेकर कोण?”

“ओळखीचे आहेत. मी सांगते.”

“आठ दिवस हं. नियम तुमचाच.”

“सांगते म्हटलं ना, तौफिक.”

नवव्या दिवशी त्यानं विचारलं. “सांगितलं,” ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांचाच फोन आला. “मगदूमबाई, तुमची केबल बघा जरा. सकाळी आकडा ठरतच नाही. शेवटचा अंक नुसता नाचतोय.”

शैलजा खुर्चीतून उठून उभी राहिली. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, केबल नाही, तुमचा हात आहे. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच तिला चुरगळलेला कागद टोपलीत पडताना दिसला.

“गाळणी सैल राहिली असेल, साहेब,” ती म्हणाली. “मी इथूनच घट्ट करते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. “वा! आता कसं पट्टीनं रेघ मारल्यासारखं आलं. उपकार झाले बाई.” आणि गुरुवारी कारखान्याची गाडी आली तेव्हा त्यांच्या गावच्या गुऱ्हाळातली गुळाची ढेप तिच्या टेबलावर येऊन पडली. शैलजानं घरी नेऊन ती फोडली. गूळ चांगला होता.

कारखान्याला गाळलेली सरळ रेघ मिळे. न गाळलेली मूळ रेघ मात्र रोज शैलजाच्या संगणकावर येऊन पडे, तशी सोय तिनं करून ठेवली होती. आठ वाजून पाच मिनिटांनी ती चहाचा कप घेऊन बसे आणि ती रेघ उघडे. हेलकाव्याची उंची पहिल्या दिवशी दोन मायक्रॉन होती. दिवाळीपर्यंत तीन झाली. संक्रांतीला साडेचार. पूर्वी तिची देवपूजा कधी चुकत नसे. आता पूजा चुके, पण हे दर्शन चुकत नसे. आपण काय केलंय, असं ती स्वतःला विचारी आणि उत्तरही तयार असे. काही नाही. त्यानं खोटं लिहिलं होतं. मी फक्त खरं लिहिलं नाही.

सातव्या महिन्यात एका रविवारी धनंजय तिच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. हातात चिमटा आणि अर्धवट पैंजण होतं.

“ही काय गं नक्षी? तारेचं काम व्हय? ह्याचं पैंजण लई छान दिसंल.”

शैलजाला हसू फुटलं. इतक्या महिन्यांत हे कुणाजवळ बोलली नव्हती, आणि हसण्याच्या भरात सगळं बोलून गेली. धनंजयनं चिमटा खाली ठेवला.

“त्यास्नी ठावं न्हाई?”

“नाही.”

“आन् औषध हाय?”

“आहे. जितका उशीर, तितकं कमी लागू पडतं.”

त्यानं आपले दोन्ही तळवे लुंगीला पुसले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला. “शैला, आपलं घर ह्या दोन हातांवर चाललं. माजं असं काय झालं, आन् कुणीतरी च्या पीत बघत बसलं, तर?”

“तुम्ही कुणाच्या नावावर शेरा मारला नाहीत.”

“सतरा वर्सं त्यो मानूस आपल्या घरात ऱ्हातोय. सकाळ-संध्याकाळ आपल्या पंगतीला बसतोय. निस्तं ताट वाढायचं ऱ्हायलंय.”

“मग वाढते की! तेव्हा माझं कुणी ऐकलं होतं? तुम्हीसुद्धा म्हणालात, सोड, घुंगरं ओव.”

धनंजय चिमटा उचलून बाहेरच्या खोलीत गेला. त्या दिवसापासून शैलजा लॅपटॉप उघडी तेव्हा तो उठून जाई, आणि दोघांचं बोलणं जेवायला वाढलंय आणि दूध आलंय एवढ्यावर आलं.

अकराव्या महिन्यात, एका शनिवारी, निर्मला पोवार प्रयोगशाळेत आली. केबल बसवली त्या दिवशी मापनखोलीत हसणाऱ्या चौघांपैकी ही एक. पंचेचाळिशीची, वीस वर्षं पिना मोजत आलेली. तिनं डब्याच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेला मायक्रोमीटर काढला.

“मॅडम, हा तपासा. कारखान्याचं काम नाही, माझं आहे. साहेबांना माहीत नाही मी आणलाय.”

“काय झालं?”

“तीन हजार पिना परत आल्या. जाड आहेत म्हणे, भोकात जाईनात. पास मी केलेल्या. साहेबांनी शेरा लिहायला घेतलाय, सोमवारी वर पाठवणार. मी म्हटलं, साहेब, तुम्ही लावलेला झिरो तेवढा बघा. तर मला पडदा दाखवतात. म्हणे, ही माझी रेघ, काठीसारखी. मग हात कुणाचा हलतो, पोवारबाई?” तिचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. “मी बरोबर मोजलंय हो. कुणाला सांगायचं ते मला कळेना.”

शैलजानं मायक्रोमीटर तपासला. तो चोख होता. निर्मलाला मोजायला लावलं. दहा बारीक लहरी, निरोगी हात. मग त्या पिना ज्या दिवशी मोजल्या होत्या त्या दिवसाची उपळेकरांची मूळ रेघ तिनं काढली आणि कागदावर आकडे मांडले.

साहेबांचा हात थरथरे तशी मास्टर पिन मायक्रोमीटरच्या तोंडात तिरकी होई. तिरकी पिन जाड मोजली जाते. त्या दिवशी ती चार मायक्रॉनांनी जाड मोजली गेली होती. गाळणीनं थरथर पुसून काढली. जास्तीचे चार मायक्रॉन मात्र तसेच राहिले. संगणकाला वाटलं, मापकंच चार जास्त दाखवतात. त्यानं बावीसच्या बावीस मायक्रोमीटरांतून चार वजा केले. म्हणून निर्मलाच्या हातातल्या जाड पिना तिला बरोबर दिसल्या. शैलजानं रेघ सरळ केली होती, माप नाही.

ह्या सुडाची तिनं सतरा वर्षं नाना तऱ्हांनी उजळणी केली होती. त्यात कुठेही निर्मला पोवार नव्हती.

“सोमवारी येते मी,” ती म्हणाली.

सोमवारी मापनखोलीत ते दोघंच होते. खोली बारमाही वीस अंशांवर गार ठेवलेली. साहेबांनी स्वेटर घातला होता.

“बसा. चहा सांगू?”

“नको. साहेब, पोवारबाईंचा हात नीट आहे. हलतो तो तुमचा.”

साहेब आधी हसले. मग तिच्याकडे नीट बघून म्हणाले, “सतरा वर्षं मनात धरून बसलात की हो तुम्ही! मला वाटलं होतं, मोठ्या झालात, विसरला असाल. अहो, दुसरं काहीतरी शोधायचं. ही बघा.” त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. गेल्या दहा महिन्यांच्या सगळ्या सकाळी, एकाखाली एक सरळ रेघा. “तुमचीच केबल, तुमचाच दाखला. दाखवा मला, कुठल्या दिवशी हललाय?”

शैलजा त्या रेघांकडे बघत राहिली. तिनंच आखलेल्या त्या रेघा आता तिच्याविरुद्ध साक्षीला उभ्या होत्या. ह्या माणसाला पटवायचं तर एकच वाट होती, आणि त्या वाटेवर तिचा परवाना, तिची प्रयोगशाळा आणि तिचं नाव जाणार होतं. तिनं लॅपटॉप उघडला आणि गाळणी शून्यावर आणली.

“मोजा.”

“हे कशाला?”

“तुमचा हात स्थिर आहे ना? मग मोजा.”

त्यांनी पिन धरली. टिक टिक टिक. रेघ आली, आणि पडद्यावर मावेना इतकी वरखाली होत आली. साहेबांनी पिन पुसली, पुन्हा धरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून धरला.

“केबल खराब आहे,” ते म्हणाले.

“द्या इकडे.”

तोच मायक्रोमीटर, तीच पिन, तीच केबल. शैलजानं तीन टिक दिल्या आणि हात धरून ठेवला. साहेबांच्या रेघेखाली तिची रेघ उमटत गेली, संथ, सरळ, जिवंत हाताच्या बारीक लहरींसह. हे चित्र तिनं हजार वेळा मनात रंगवलं होतं : दोन रेघा एकाखाली एक, आणि बघायला तो. तिनं डोळे भरून त्याचा चेहरा बघून घ्यावा म्हणून मान वर केली.

साहेब पडद्याकडे बघतच नव्हते. ते टेबलावर विसावलेल्या आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. त्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता, तंबाखू मळावी तसा. साहेबांनी जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती.

“आमची ही म्हणते, टीव्ही बघताना तुमचा हात काय चाळा करतो,” ते हळूच म्हणाले. “मी म्हटलं, गप बस, झिरो लावतोय.”

शैलजानं सगळं सांगितलं. रोगाचं नाव, डॉक्टरांचा पत्ता, औषध. साहेब ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“हे तुम्हाला दिसतंय कधीपासून?”

आत्तासुद्धा खोटं बोलता आलं असतं.

“पहिल्या दिवसापासून. अकरा महिने.”

“आणि ती गाळणी?”

“तुम्हाला दिसू नये म्हणून.”

साहेबांनी डावा हात उजव्या हातात घट्ट धरला.

“मी गूळ पाठवला होता तुम्हाला.”

“खाल्ला,” शैलजा म्हणाली. मग तिला राहवेना. “साहेब, त्या दिवशी कुंकू होतं ना?”

“होतं.” इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. “कागदावर दिसलं मला. गाडी उभी होती, आणि पूजा मी केली होती. माझी पहिली पूजा.”

“मग शेरे काढा. पोवारबाईंचाही आणि माझाही.”

निर्मलाचा शेरा त्यांनी शैलजासमोरच संगणकावरून पुसला. बटण दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं. मग ते खुर्चीत मागे टेकले.

“तुमचा निघत नाही. तेव्हाचा प्रोग्राम बंद होऊन दहा वर्षं झाली. ती फाईल आता कुठल्याच मशीनवर उघडत नाही. तुम्ही केबल घेऊन येणार कळलं, त्या आठवड्यात मी बसलो होतो ती उघडायला. पुसावा म्हणून.”

ते खरं बोलत होते की नाही, हे शैलजाला कळायला मार्ग नव्हता. पण जो शेरा तिनं सतरा वर्षं उरावर वागवला, तो दहा वर्षांपासून जगात कुणालाच वाचता येत नव्हता, एवढं तिला कळलं. लॅपटॉप बंद करताना तिला वायर सापडेना. ती तिच्या हातातच होती.

घरी आल्यावर तिनं धनंजयला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पुढ्यातल्या पैंजणाच्या सांध्याला डाग देत राहिला. तौफिकलाही सगळं सांगितलं. त्यानं भिंतीवरचा नियमाचा कागद काढून तिच्या टेबलावर आणून ठेवला. आता उपळेकरांची तक्रार येईल, परवाना जाईल, हे उघड होतं. शैलजा टपालाची वाट बघू लागली. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तक्रार यावी, असं तिला वाटू लागलं. एकदाचा निकाल तरी लागेल.

तक्रार आली नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी साहेब स्वतः आले.

त्यांनी नोकरी सोडली होती. डॉक्टरांनी औषध सुरू केलं होतं. पण वर्षभर आधी आला असता तर हे थांबलं असतं, आता मंदावेल फक्त, असंही सांगितलं होतं. औषधाची मात्रा ठरवायला दर महिन्याला कंपाचा नेमका आकडा लागे, आणि इतकी बारीक केबल अख्ख्या जिल्ह्यात एकाच ठिकाणी होती.

तेव्हापासून ते दर महिन्याला येतात. बाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतात, पार मागच्या पानावरच्या छोट्या जाहिरातींपर्यंत, आणि तेही चष्म्याशिवाय. मग आत येतात. तौफिकनं रेघ घ्यायला हात पुढे केला तर त्याच्याकडे बघतही नाहीत. शैलजासमोरच्या खुर्चीत बसतात, मायक्रोमीटर उचलतात, तीन टिक देतात आणि हात थांबवतात. रेघ येते. शैलजा आकड्यांचा कागद छापून त्यांच्यापुढे ठेवते. साहेब तो कागद उलट तिच्याकडे सरकवतात.

“वाचा मगदूमबाई. बारीक अक्षर दिसत नाही मला.”

“सात पॉइंट चार.”

“मोठ्यानं वाचा. मागच्या महिन्यात?”

“सात पॉइंट एक.”

“आणि पहिल्या दिवशी किती होतं हो? तुम्ही केबल बसवलीत त्या दिवशी?”

“दोन.”

“दोन,” साहेब म्हणतात, आणि उठतात. खुर्चीच्या पाठीला धरून क्षणभर उभे राहतात. दारापर्यंत गेले की मागे वळतात.

“पुढच्या महिन्यात येतो. तुम्ही मात्र रजा घेऊ नका हं. दुसऱ्या कुणाचं वाचलेलं मला चालत नाही.”